लिफ्टमधली मावशी

शनिवार, दुपारचे साडेतीन. स्थळ, डब्लिनच्या टॅला या उपनगरातल्या एका कम्युनिटी सेंटरचा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल. प्रसंग, मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू. उपस्थिती चाळीसेक बायका, पंधरा-वीस पोरं, आणि कॉरिडॉरमध्ये कोट सांभाळत बसलेले नवरे. बाहेर आडवा पाऊस. आणि मी भांडायला तयार होते.

हसू नका. तयार म्हणजे पूर्ण तयार. कुडत्याच्या खिशात तीन मुद्दे लिहिलेला कागद होता, घसा गरम पाण्यानं शेकलेला होता, आणि हातात साबुदाणावड्यांचा डबा होता, तो मात्र पूर्णिमानं दिला होता. ती म्हणाली, "भांडायचं ते भांड, पण वडे आधी पोचव, गार झाले की चामडं होतात."

तुम्हाला सांगते, बावीस वर्षं पुण्यात वार्ताहर होते मी, त्यातली सोळा महापालिकेच्या बीटवर! मी जिन्यात दिसले की पाणीपुरवठ्याचे उपअभियंते उलट पावली वर जायचे, गच्चीपर्यंत जायचे, तिथून पुढे जायला जागा नाही म्हणून मला बातमी द्यायचे. एका अधिकाऱ्यानं तर मला टाळायला सांगितलं की सहकाऱ्याच्या अंत्यदर्शनाला निघालोय, आणि तो सहकारी शेजारी बसून मटकी खात होता! अशी माझी कीर्ती. आणि अशी ही रणरागिणी घरी कोण? तर पूर्णिमाची रूम-पार्टनर.

पूर्णिमा म्हणजे माझी बायको. हा शब्द म्हणायच्या आधी मला अजून खाकरावं लागतं, चालवून घ्या. पुण्याच्या सोसायटीत आम्ही नऊ वर्षं 'त्या दोघी मैत्रिणी'. तन्वी आणि अद्वय ही आमची मुलं, दत्तक घेतली ती पूर्णिमानं एकटीनं, कारण आमच्यासारख्यांच्या घरात कायद्याला आई एकच चालत होती. घरात ती आई, मी माई. पण दार उघडून बाहेर पडलो, लिफ्ट आली, की मी मावशी! लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी, लिफ्टमध्ये इस्त्रीवाला, लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांना सगळं माहीत होतं पण खात्री करून घ्यायची होती. तन्वीला आम्ही हे शिकवलं, अद्वयला तर बोलायला लागल्या दिवसापासून. लिफ्ट आली की मावशी. महापौरांपुढे माईक धरून 'जनतेला सत्य सांगा' म्हणणारी मी, संध्याकाळी दोन लहान मुलांकडून लिफ्टचा पाठ करून घ्यायची... काय सांगायचं!

आणि मग आयर्लंड. पूर्णिमाला नोकरी लागली सँडीफोर्डच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि माझ्या व्हिसासाठी सिद्ध काय करायचं, तर आम्ही दोघी एकत्र राहतो! अहो, नऊ वर्षं आम्ही नेमकं तेच लपवत आलो होतो, इतकं चोख लपवलं होतं की एक पुरावा शिल्लक ठेवला नव्हता. फोटो काढून बसलो, तर प्रत्येक फोटोत आमच्या दोघींच्या मध्ये एक मूल, नाहीतर एक नातेवाईक, महाबळेश्वरला तर एक घोडा. शेवटी पुरावा कुणी दिला असेल? तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी. लिहून दिलं, सही केली, वर मला म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, पण तुम्ही कधी सांगितलंच नाही." म्हणजे बघा, तिथंही भांडण हुकलं!

मी म्हटलं, असू दे, परदेशात तरी भांडायला मिळेल. मी तयारीत उतरले. घरमालक डेक्लन म्हणून एक गृहस्थ, वय सत्तर, नाक लाल, तोंडावर बायबल वाचणाऱ्या माणसाचा भाव. मी आधीच छाती काढून सांगितलं, आम्ही दोघी जोडपं आहोत, ही आमची मुलं आहेत, काही अडचण असेल तर आत्ताच सांगा. तो म्हणाला, "ग्रँड." मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाला, "ग्रँड, ग्रँड. बॉयलरची मात्र अडचण आहे, त्याला खालून लाथ घालावी लागते." झालं. इथे ग्रँड म्हणजे 'काही हरकत नाही'. संपलं भांडण. मग त्यानं किचनमधली कपाटं दाखवली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. बावीस वर्षं मी स्वतः प्रेस होते, आता प्रेसमध्ये मसाल्याचे डबे असतात.

शाळेत गेले, मुख्याध्यापिकेसमोर तेच वाक्य जरा जास्त ताणून म्हटलं. तिनं शांतपणे ऐकलं, म्हणाली, "लव्हली," आणि पुढचा अर्धा तास रेनकोटवर बोलली. प्रत्येक मुलाकडे दोन रेनकोट हवेत, एक शाळेत, एक घरी. माझ्या लढ्याला एक शब्द, रेनकोटला अर्धा तास! मग मी चिडून बिल्डिंगच्या मॅनेजरला कचऱ्याच्या डब्यांबद्दल खरमरीत पत्र लिहिलं, पुण्यात त्या भाषेवर दोन निलंबनं झाली असती, तर त्याचं उत्तर आलं की इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभारी आहोत. आभारी! माणसानं जगायचं कसं? गेल्या मे महिन्यात आम्ही इथे रीतसर लग्न केलं, तिथेही रजिस्ट्रार बाईंना मी विचारलं, कुणाचा आक्षेप असेल तर? त्या म्हणाल्या, "कुणीच नाहीये ना." मी मागे वळून पाहिलंसुद्धा.

आणि अशात मंडळाच्या सुलेखाताईंचा फोन. हळदीकुंकवाला या, सहकुटुंब या. मी फोन ठेवला आणि मला, तुम्हाला सांगते, अशी तरतरी आली. हे आपले लोक! मराठी माणूस! हळदीकुंकू म्हणजे सवाष्णींचा कारभार, तिथे 'मिस्टर कुठे काम करतात' हे विचारल्याशिवाय तिळगूळ मिळत नाही. आपली माणसं आपल्याला कधी निराश करणार नाहीत. मी त्याच दिवशी तीन मुद्दे काढले. मुद्दा एक, सौभाग्य म्हणजे काय. मुद्दा दोन, मंडळाची घटना. मुद्दा तीन मी मुद्दाम मोकळा ठेवला होता, ऐन वेळी सुचेल तो.

पण खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही. खरी गोष्ट म्हणजे पद्मजाकाकू.

पद्मजाकाकू म्हणजे पूर्णिमाची आई, राहणार सांगली. डिसेंबरात त्या एकट्या आल्या, पूर्णिमाचे बाबा, दिलीपकाका, आले नाहीत, गुडघे म्हणे. या काकूंनी मला अकरा वर्षांत एक वाकडा शब्द बोललेला नाही. तुम्ही म्हणाल, मग चांगलंच आहे की! अहो, तोच तर त्रास आहे. वाकडं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. या बाई मला पहिली गरम पोळी वाढणार, चहात साखर कमी घालणार, आणि म्हणणार, "घ्या, देवयानीबाई." अकरा वर्षं देवयानीबाई. अकरा वर्षं तुम्ही. आणि कुणी विचारलं की या कोण, तर, "या होय? या पेपरात असतात." संपलं. तेवढीच माझी ओळख. मी पेपर सोडून दोन वर्षं झाली, तरी मी पेपरातच असते. लग्नाचा व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तिकडून आवाज आला, "दिसत न्हाई बघा काही, नेट गेलंय," आणि मागे दिलीपकाकांचा पंखा स्वच्छ फिरताना दिसत होता.

मला काय हवं होतं? दागिने नको, मान नको. फक्त एकदा, चार लोकांत, काकूंनी सांगावं, ही आमची कोण. चांगलं किंवा वाईट, पण सांगावं. बातमीला दोन बाजू असतात, ही दुसरी बाजू अकरा वर्षं 'प्रतिक्रियेसाठी उपलब्ध होऊ शकली नाही'!

तर शनिवार. पूर्णिमा गाडी लावायला गेली, आणि आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. मी, वड्यांचा डबा, तन्वी, अद्वय, आणि पद्मजाकाकू, त्यांच्या छातीशी धरलेला एक मोठा प्लास्टिकचा डबा, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. त्यात अद्वयच्या बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने होते, साखरेचे काटे फुटू नयेत म्हणून सांगलीपासून डब्लिनपर्यंत तो डबा त्यांनी विमानात मांडीवर ठेवला होता, हवाईसुंदरीला वरच्या कप्प्यात ठेवू दिला नव्हता, जेवतानासुद्धा नाही. दार मिटता मिटता आत कोण घुसावं? सुलेखाताई! काळी पैठणी, हातात हळदीकुंकवाचं तबक.

आणि अद्वय, माझं पाच वर्षांचं लेकरू, माझा कुडता ओढून गोड आवाजात म्हणालं, "मावशी, दुसरं बटण दाब ना."

सुलेखाताई म्हणाल्या, "अगंबाई, मावशी का तुम्ही? मला फोनवर वाटलं..."

तुम्हाला सांगते, मला दरदरून घाम आला. दोन वर्षं या देशात घरी माई, शाळेत माई, बागेत माई, सुपरमार्केटात पार दुसऱ्या टोकाहून माई, पण या पोराच्या डोक्यात नियम पक्का बसलेला, लिफ्टमध्ये या बाईला मावशी म्हणतात. आम्हीच बसवला होता! त्याला वाटतं, ती लिफ्टची पद्धत आहे, जसं देवळात चप्पल काढतात तसं.

मग तन्वी पुढे झाली. तन्वीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते डब्लिनच्या इंग्रजीत, जिभेवर पाऊस पडल्यासारखं. ती सुलेखाताईंना अगदी समजुतीनं म्हणाली, "शी इज ओन्ली मावशी इन लिफ्ट्स."

आता सांगा, याच्यावर कुठला मुद्दा लागू पडतो? एक, दोन की तीन? सुलेखाताईंनी माझ्याकडे पाहिलं, तन्वीकडे पाहिलं, आणि शेवटी वळल्या घरातल्या थोरल्या बाईकडे. "काकू, या तुमच्या कोण?"

अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रश्न, माझ्या तोंडातून नाही, अधिकृत तोंडातून! माझ्या हातातल्या वड्यांना घाम फुटला. पद्मजाकाकूंनी डबा जरा वर घेतला, ओठ ओले केले...

टिंग.

"पोचलो वाटतं," काकू म्हणाल्या, आणि बाहेर पडल्या.

दार उघडताच अद्वय ओरडला, "माई, शू!" आणि मी वडे घेऊन पळाले. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या पत्रकार परिषदेतून मी अशी बाहेर पडले.

परत येते तो हॉलमध्ये बायका गोल बसलेल्या, सुलेखाताई एकेकीला हळदीकुंकू लावत येताहेत. माझ्यापर्यंत आल्या, थांबल्या, माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि पुढच्या बाईकडे गेल्या. मला वगळलं! माझ्या अंगात वीज आली. आली, वेळ आली! मी उभी राहिले, महापालिकेच्या सभागृहात लागायचा तो आवाज लावला, "सुलेखाताई, एक मिनिट. मला एवढंच जाणून घ्यायचंय की सौभाग्य म्हणजे..."

"देवयानीताई," सुलेखाताई म्हणाल्या, "तुम्ही तो डबा हनुवटीपर्यंत धरलाय. मी लावू कुठून? आधी वडे खाली ठेवा, मग काय ते जाणून घ्या."

चाळीस बायका हसल्या. पूर्णिमा दारात उभी होती, तीही हसली. मी वडे खाली ठेवले. मला हळदीकुंकू लागलं, पूर्णिमाला लागलं, दोघींना सारखं लागलं, वाणात एकेक स्टीलची गाळणी मिळाली, दोघींना वेगवेगळी. तुम्हीच सांगा, समान हक्काची गाळणी हातात घेऊन माणूस कुणाशी भांडणार? आणि मी भांडायला तयार होते हो!

मग पोरांचं बोरन्हाण. बोरं इथे मिळत नाहीत, म्हणून ब्लूबेरी, चुरमुऱ्यांऐवजी पॉपकॉर्न. अद्वयला चौरंगावर बसवलं. पद्मजाकाकूंनी टॉवेल सोडला, डबा उघडला, मुकुट काढला, हार काढला, बासरी काढली, पोरगं नटवलं. पॉपकॉर्न डोक्यावरून ओतले, सगळी पोरं गोळा करायला झेपावली, आणि त्या गोंधळात सुलेखाताईंनी डबा आवरायला घेतला आणि खालचा कागद उचलला.

खाली दुसरा सेट होता. मोठ्या बाईचा. हार, बिंदी, बाजूबंद, हलव्याचं मंगळसूत्र आणि बांगड्या. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूनं सुनेला घालायचे असतात ते.

"काकू, हा तर नव्या सुनेचा," सुलेखाताई म्हणाल्या. "पहिली संक्रांत कुणाची?"

पॉपकॉर्न चावायचे आवाज तेवढे. पूर्णिमा माझ्याकडे बघतेय, मी काकूंकडे बघतेय, आणि काकू डब्याकडे. मी म्हटलं ना, तिसरा मुद्दा मोकळा ठेवला होता, ऐन वेळी सुचेल म्हणून? नाही सुचला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला प्रश्न विचारायला सुचलं नाही. मला वाटलं, आता परत टिंग होणार. पण हॉलमध्ये लिफ्ट नव्हती.

पद्मजाकाकू म्हणाल्या, "दुकानदारानं चुकून घातला असंल."

मी मान खाली घातली. झालं. खुलासा आला. बातमी मेली.

मग त्या म्हणाल्या, "आता एवढ्या लांब आलाय तर वाया कशाला घालवायचा." त्यांनी डब्यातून बांगड्या काढल्या, पदरानं त्यांच्यावरची साखरेची भुकटी झटकली, आणि म्हणाल्या, "देवयानी, हात पुढं कर."

देवयानी. नुसती. कर. करा नाही, कर!

मी हात पुढे केला. घड्याळ काढायचंसुद्धा सुचेना, ते पूर्णिमानं काढलं. काकूंनी बांगड्या चढवल्या, मंगळसूत्र घातलं, बिंदी लावली, माझ्या आखूड केसांत ती राहीना, तर स्वतःच्या अंबाड्यातला आकडा काढून पक्की केली, आणि कानाशी पुटपुटल्या, "रडू नगंस, पाक सुटतोय."

बायका म्हणाल्या, नाव घ्या! नव्या सुनेनं नाव घ्यायलाच पाहिजे! आता उखाणा मला कुठून येणार? शोकसभेची बातमी मी सात मिनिटांत लिहीत असे, पण दोन ओळींचा उखाणा? घाम पुसला आणि आयुष्यभर जे येतं तेच तोंडातून आलं,

"विश्वसनीय सूत्रांकडून हाती आली बातमी,
पूर्णिमाचं नाव घ्यायला अकरा वर्षं थांबले मी."

टाळ्या पडल्या. दारातल्या नवऱ्यांनीही वाजवल्या, मग एकानं हळूच विचारलं, "वडे सुरू झाले का?"

इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? चांगला संपादक इथेच कापेल. पण खाली उतरताना लिफ्टमध्ये अद्वय मला म्हणाला, "मावशी, तुझा हार चाटू?" आणि घरी पोचल्यावर काकू म्हणाल्या, "देवयानीबाई, दाराला कडी घातलीत का?" बाई परत आली! तुम्ही परत आलं! जसं काही टॅलाला झालं ते टॅलाच्याच हद्दीत झालं. मी विचारलं, "काकू, तो दुसरा सेट..." तर म्हणाल्या, "सांगितलं की, दुकानदाराची चूक. दुधाला विरजण लावलंत का?"

आता मला सांगा, मी अशी सोडीन? मी तपास सुरू केला. पूर्णिमाला विचारलं, तिनं मुलांची शप्पथ घेतली. तन्वीला विचारलं, तिनं 'इट वॉझण्ट मी, माई' म्हणून दोन्ही हात वर केले. काकू परत गेल्यावर सांगलीला फोन लावला, दिलीपकाकांनी कॅमेरा पंख्याकडे धरून विचारलं, "तिकडं पाऊस हाय का?" मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, "मग बरं," आणि फोन ठेवला. शेवटी डब्यावरच्या लेबलवरून दुकानदाराचा नंबर काढला. तो भडकला. म्हणाला, "ताई, ऑर्डरीशिवाय आम्ही मणीसुद्धा ओवत नाही. चुकून सेट जायला ती काय कोथिंबीर आहे का?" ऑर्डर कुणाची, विचारलं, तर म्हणाला, गिऱ्हाईकाचं नाव सांगत नसतो. दोन वर्षांत पहिल्यांदा एका माणसानं मला तोंडावर उत्तर द्यायचं नाकारलं, आणि मी त्याच्याशी भांडलेसुद्धा नाही. थँक यू म्हणून फोन ठेवला. बघा या देशानं माझं काय करून ठेवलं ते!

दागिने प्रेसमध्ये ठेवलेत, मसाल्यांच्या वर, अद्वयचा हात पोचणार नाही तिथे. मी आयुष्यात कधी बांगडी घातलेली नाही, माझं माप मलासुद्धा माहीत नव्हतं. परवा पूर्णिमानं मोजलं. तिचं स्वतःचं माप सव्वादोन. पद्मजाकाकूंचं अडीच. माझं पावणेतीन.

आणि त्या बांगड्या पावणेतीनच्या आहेत.